हौस आणि हिशेब: घरी केलेल्या चित्रांबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी फार थोड्या पत्रांत चित्र कसं काढायचं हे विचारलंय. बाकीच्यांची चित्रं काढून झाली आहेत, आता त्यांचं करायचं काय, हा त्यांचा प्रश्न आहे. कुणाचे गठ्ठे कपाटावर पडून आहेत. कुणाला पहिलं गिऱ्हाईक मिळालंय आणि किंमत सांगताना तोंडातून आकडा बाहेर पडत नाही. मी कोल्हापुरात बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी घरी लिनोकट, म्हणजे लिनोच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचे ठसे, छापते. कलाशाळेची पायरी मी चढलेली नाही. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन ग्रेड परीक्षा, एवढंच माझं रीतसर शिक्षण. तेव्हा हाताने करून जे कळलं तेच सांगते.

प्रश्न: ताई, नमस्कार. मला लिनोकट शिकायचं आहे. व्हिडिओत सगळ्यांकडे लोखंडी प्रेस दिसतो. माझ्याकडे स्वयंपाकघराचा ओटा आणि दुपारचे दोन तास आहेत. जमेल का? आणि आमच्याकडे पावसाळ्यात कपडेसुद्धा वाळत नाहीत, तिथे शाई कशी वाळणार? (गृहिणी, चिपळूण)

जमेल. प्रेस नसल्यामुळे अडतं ते फक्त मोठ्या आकाराच्या कामात. वहीच्या पानाएवढा ठसा हाताने उत्तम छापता येतो.

लिनो म्हणजे लिनोलियम. जवसाचं तेल, बुचाची पूड आणि पाठीमागे तागाचं कापड असा तो थर असतो. चित्रकलेच्या साहित्याच्या मोठ्या दुकानात तो तुकड्यांनी मिळतो. जुना पडून राहिलेला तुकडा कडक होतो, मग पातं घसरतं आणि घसरलेलं पातं थेट दुसऱ्या हातात शिरतं. म्हणून कापण्याआधी तुकडा थोडा वेळ उन्हात ठेवा. पावसाळ्यात ऊन नसेल तर वर सुती कापड घालून कोमट इस्त्री फिरवा. तो हाताला जरा मऊ लागला की बसा. ज्या हाताने लिनो धरलाय तो हात कायम पात्याच्या मागे ठेवायचा, पुढे कधीच नाही. हा एक नियम पाळलात तर बाकी सगळं हळूहळू येतं.

पाती दोनच घ्या: बारीक रेघेसाठी व्ही आकाराचं, मोठा भाग उकरायला यू आकाराचं. दहा पात्यांचा संच घेतलात तरी वापरात ही दोनच राहतील. चित्र उलटं छापलं जातं हे लक्षात ठेवून ते ट्रेसिंग पेपरवर काढा, कागद पालथा घाला आणि खाली कार्बन ठेवून गिरवा. अक्षरं असतील तर ही पायरी टाळूच नका. उलटा ‘ळ’ आणि उलटा ‘क’ कापताना भल्याभल्यांचा गोंधळ होतो.

आता शाई. पाण्याची शाई सुरुवातीला सोपी वाटते, पण मे महिन्यात ती रोलरवरच वाळते आणि ठशावर चट्टे दिसतात. मी तेलाची शाई वापरते. काच किंवा गुळगुळीत फरशीचा तुकडा घ्या, त्यावर चमचाभर शाई ठेवा आणि रोलर फिरवत राहा. सुरुवातीला आवाज होत नाही. शाई पातळ आणि सारखी पसरली की बारीक चरचर ऐकू येते. तो आवाज आला की शाई तयार झाली. नुसती चप्पक चप्पक येत असेल तर शाई जास्त आहे. ती बारीक रेघांत शिरून रेघा बुजवेल. रोलर ठशावर फिरवताना जोर लावू नका. एकदा आडवा, एकदा उभा, पुन्हा शाई घेऊन तसंच, असं करत काळा रंग मखमलीसारखा एकसारखा दिसला की थांबा.

कागद वरून अलगद सोडा आणि एकदा ठेवला की हलवू नका. त्यावर बेकिंगचा कागद ठेवा, म्हणजे घासताना मूळ कागद फाटत नाही. मग लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे गोल गोल घासत जा. स्टीलची पळीही चालते. कागद पातळ असेल तर घासता घासता मागच्या बाजूने काळं चित्र अंधूक दिसायला लागतं. कुठला भाग राहिला ते त्यावरून कळतं. एक बाजू तळहाताने दाबून धरा, दुसरा कोपरा उचलून आत डोकावा. फिकं असेल तर कोपरा परत खाली ठेवा आणि तिथेच अजून घासा. कागद हललेला नसतो, त्यामुळे रेघ बरोबर रेघेवर बसते. प्रेसवर छापणाऱ्याला ही डोकावण्याची सोय नाही, आपल्याला आहे.

कागदासाठी सांगते, जाड खडबडीत कागदाच्या मोहात पडू नका. तो दिसतो सुंदर, पण हाताच्या दाबाने त्याच्या खळग्यांत शाई पोचत नाही. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागदाची संस्था आहे. तिथे सुती चिंध्यांपासून कागद होतो. त्यातला पातळ आणि गुळगुळीत प्रकार मागा. नेपाळी लोकता कागद मिळाला तर तोही हातछपाईला फार चांगला.

राहिला पावसाळा. तेलाची शाई पाण्यासारखी उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन ती घट्ट होते. दमट आणि गार हवेत हे काम रेंगाळतं, एवढंच. कोरड्या दिवसांत लागतो त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरा. छापलेले कागद एकावर एक ठेवू नका. दोरी बांधून चिमट्यांनी टांगा, पंखा लावा आणि बोट लावून बघायची घाई करू नका. श्रावणात विक्री धरायची असेल तर जून उजाडायच्या आत छापून मोकळे व्हा.

साफसफाईला रॉकेल नको, स्वयंपाकघरात तर नकोच. फडक्यावर थोडं खाद्यतेल घ्या, शाई पुसून काढा आणि मग भांड्यांच्या साबणाने धुवा. तेलकट फडकी मात्र चुरगळून डब्यात कोंबू नका. जवसाच्या तेलाची फडकी ढिगात आपोआप तापून पेट घेऊ शकतात. मोकळी पसरून वाळवा आणि मगच टाका.

प्रश्न: माझी छापील चित्रं मी १५० रुपयांना विकते. ओळखीचे म्हणतात, घरीच तर करतेस, खर्च काय येतो? नणंदेच्या मैत्रिणीने १० चित्रं १,००० रुपयांत मागितली. नाही म्हणवत नाही. किंमत ठरवायची तरी कशी? (इचलकरंजी)

तुमचं पत्र वाचून मी कागद-पेन घेऊन बसले. आपण हिशेबच मांडू.

समजा एका ठशाच्या २५ प्रती तुम्ही काढल्या. लिनो, कागद, शाई, पाकिटं मिळून १,५०० रुपये गेले. चित्र काढणं, कापणं, छापणं, वाळवणं, सही करणं मिळून २० तास गेले. तासाला १५० रुपये धरले, आणि ते काही जास्त नाहीत, तर ३,००० होतात. एकूण ४,५००. आता २५ ने भागलं की एका प्रतीला १८० रुपये येतात. म्हणजे १५० ला विकताना प्रत्येक प्रतीमागे ३० रुपये तुम्ही तुमच्या घरखर्चातून गिऱ्हाइकाला देताय.

पण खरा हिशेब याच्याही पुढे आहे. २५ च्या २५ प्रती लगेच जात नाहीत. वर्षात १५ गेल्या तरी चांगलं म्हणायचं. खर्च तर पंचविसांचा झालेला असतो. ४,५०० भागिले १५ म्हणजे ३००. उद्या एखाद्या दुकानाने तुमची चित्रं ठेवली आणि ४० टक्के कमिशन घेतलं, तर ३०० हातात यायला किंमत ५०० हवी. त्यात फक्त खर्च निघाला. पुढच्या लिनोचे पैसे सुटायचे तर ६०० म्हणा. घरून विकतानाही ६०० च. दुकानात ६०० आणि घरी ३५० असं दिसलं की दुकानदार तुमचं काम परत ठेवत नाही, आणि त्यात त्याचं चुकत नाही.

एकदम १५० वरून ६०० वर जाणं अवघड वाटत असेल तर जुनी चित्रं आहेत त्या भावात संपवा आणि नव्या ठशापासून नवा भाव लावा. भाव वाढवल्याचं स्पष्टीकरण देत बसू नका. आकडा सांगायचा आणि गप्प राहायचं. गप्प राहणंच अवघड असतं. समोरचा दोन क्षण बोलत नाही आणि आपण घाईघाईने ‘तुम्हाला म्हणून कमी करते’ असं म्हणून जातो. तो बहुतेक वेळा नुसता विचार करत असतो. त्याला तेवढा वेळ द्या.

नणंदेच्या मैत्रिणीबद्दल माझा नियम कडक आहे. द्यायचंच असेल तर भेट द्या, पैसे घेऊ नका, छान कागदात बांधून द्या. विकायचं असेल तर पूर्ण किमतीला विका. अर्ध्या किमतीत दिलेल्या चित्राचा आनंद दोघांपैकी कुणालाच होत नाही. ती सगळीकडे ‘१०० ला मिळतं’ म्हणून सांगते आणि तुम्ही मनात कुढत राहता. तिला सरळ म्हणा, ‘एक तुम्हाला माझ्याकडून भेट, बाकीची ६०० ला आहेत.’ नणंदबाईंचाही मान राहतो.

आणि प्रतींवर आकडा घाला. डाव्या कोपऱ्यात पेन्सिलने ३/२५, म्हणजे पंचविसांतली तिसरी. मध्ये नाव, उजवीकडे सही. पेन्सिलच, कारण ती वर्षानुवर्षं उडत नाही आणि खोडली तर कागदावर दिसतं. २५ म्हणालात की २५ च. सव्विसावी काढायची नाही, कितीही मागणी आली तरी. शेवटची प्रत झाली की मी लिनोवर एक आडवी रेघ कापून टाकते. गिऱ्हाईक ते बघायला येत नाही, पण आपण दिलेला शब्द आपल्याला ठाऊक असतो.

प्रश्न: प्रदर्शनात एक गृहस्थ म्हणाले, ‘हे प्रिंट आहे होय, मग झेरॉक्सच की. ओरिजिनल कुठंय?’ मला उत्तर सुचलं नाही. काय सांगायला हवं होतं? (निवृत्त शिक्षक, सातारा)

सर, त्यांना गांधीजींचं ते चित्र आठवायला सांगा: हातात काठी, पुढे टाकलेलं पाऊल, काळ्या जमिनीवर पांढऱ्या रेघा. दांडी यात्रेच्या वेळचं, १९३० सालचं. नंदलाल बोस यांचं ते चित्र लिनोकट आहे. त्याचं वेगळं ‘ओरिजिनल’ कुठे भिंतीवर टांगलेलं नाही. छापलेली प्रत हेच मूळ चित्र. लिनोचा तुकडा हे फक्त साधन आहे, त्यावर चित्र उलटं असतं.

गोंधळ का होतो तेही समजून घेण्यासारखं आहे. आपल्याकडे घराघरात छापील चित्र पोचलं ते राजा रविवर्म्यांच्या छापखान्यामुळे. १८९४ साली मुंबईत तो सुरू झाला आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती त्याच परंपरेतली. पण ती मूळ तैलचित्रांवरून दगडी ठशांवर उतरवलेली चित्रं होती. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, कौशल्य अफाट, पण मूळ तैलचित्र वेगळंच. त्यामुळे प्रिंट म्हणजे दुसऱ्या कशाची तरी नक्कल, हे डोक्यात पक्कं बसलं. लिनोकटमध्ये नक्कल करायला आधी काही नसतंच.

मुंबईत अंधेरीला राहिलेले चित्रकार चित्तप्रसाद यांनी लिनो जाणूनबुजून निवडला. ज्यांना मोठं चित्र परवडत नाही त्यांच्यापर्यंत चित्र जावं, ही त्यांची तळमळ होती. एका ठशाच्या अनेक प्रती निघतात, म्हणून एक प्रत सामान्य माणसाच्या खिशाला झेपते. त्या गृहस्थांना एवढंच सांगितलं असतंत तरी चाललं असतं: ‘झेरॉक्समध्ये यंत्र नक्कल काढतं. ही प्रत मी स्वतः शाई लावून, घासून काढली आहे. शेजारची प्रत बघा, दोन्हींत फरक दिसेल.’ आणि खरंच दोन प्रती शेजारी ठेवा. फरक डोळ्यांना दिसला की वाद संपतो.

प्रश्न: जहांगीरला प्रदर्शन करायचं स्वप्न आहे. तोवर कुठे लावावं? छोट्या हॉलमध्ये लावलं तर लोक हसतील का? (पिंपरी)

जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून उभी आहे आणि तिथल्या तारखेसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. अर्ज जरूर करा. पण त्या नावाखाली आजचं काम कपाटात ठेवू नका. मुंबईला गेलात की जहांगीरच्या दारासमोरच्या फुटपाथवरही बघा. तिथे चित्रकार आपली चित्रं कठड्याला टेकवून बसलेले असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलतात आणि विकतात. आत आणि बाहेर, दोन्हीकडे तेवढ्याच लक्षपूर्वक बघा. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सव असतो तेव्हा तर अख्खा परिसरच भरतो.

तुमच्या जवळ पुण्यात बालगंधर्वचं कलादालन आहे. आमच्याकडे दसरा चौकात शाहू स्मारक भवनाचं आहे. सहा-सात जणांनी मिळून हॉल घेतला की भाडं वाटून जातं आणि प्रत्येकाचे पाहुणे बाकीच्यांची चित्रं बघतात. तेही झेपत नसेल तर सोसायटीचा हॉल, गावातलं वाचनालय, दिवाळीतलं महिला मंडळाचं विक्री-प्रदर्शन यांतलं काहीही चालेल. हसतील कोण? जो बघायला येतो तो हसायला येत नाही.

लावताना चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येऊ द्या. सगळ्या चित्रांचे मध्य एका रेषेत ठेवा. वरच्या कडा एका रेषेत आणायच्या नादात लहान-मोठी चित्रं विचित्र दिसतात. किंमत प्रत्येक चित्राखाली लिहा. ‘किंमत विचारा’ असं लिहिलं की निम्मे लोक विचारतच नाहीत, कारण परवडणार नाही म्हटलं की चारचौघांत ओशाळं वाटतं. हॉल भाड्याने घेण्याआधी भिंतीला खिळा चालतो की वरून साखळी सोडावी लागते, हे विचारून घ्या. आदल्या रात्री अकरा वाजता हे कळलं की फार धावपळ होते.

आणि तिथे काम करत बसा. गेल्या दिवाळीत आमच्या इथल्या एका छोट्या प्रदर्शनात मी टेबलावर शाई, रोलर आणि गुऱ्हाळाच्या काहिलीचा एक छोटा ठसा मांडला होता. फ्रेममधल्या चित्रांवरून लोक नजर फिरवून पुढे जात होते, टेबलापाशी मात्र थबकत होते. सहावी-सातवीतला एक मुलगा आईचा हात सोडून आला. मी त्याच्या हातात लाकडी चमचा दिला. त्याने ओठ मुडपून, फार गंभीरपणे घासलं. कोपरा उचलायला सांगितला तर भीतभीत उचलला आणि ओरडला, ‘आई, उलटं होतं ते सुलटं झालं!’ तोवर मागे दहा-बारा जण जमले होते. त्यातल्या एका आजोबांनी काहिलीचं मोठं चित्र घेतलं. त्यांचं स्वतःचं गुऱ्हाळ होतं, कागलजवळ. त्यांनी घासाघीस केली नाही. काहिलीखालच्या चुलवाणाचं तोंड बरोबर काढलंय, एवढंच बोलले. कुठल्याही परीक्षेतल्या ‘ए’ ग्रेडपेक्षा मला ते मोठं वाटतं. आणि हे त्या छोट्या हॉलमध्येच घडलं.

प्रश्न: मी बी.कॉम.ला आहे. इंटरनेटवर बघून वारली कोस्टर आणि पिशव्या रंगवते, ‘ऑथेंटिक वारली’ म्हणून विकते. चांगला खप आहे. पण एका ताईंनी कॉमेंट केली की हे चूक आहे. खरंच चूक आहे का? (पनवेल)

तुझं वय लहान आहे म्हणून ‘तू’ म्हणते. तू हे मनापासून विचारलंस, म्हणून उत्तरही स्पष्ट देते. वारलीचा अभ्यास कर, त्यावरून हात बसव, घरच्या भिंतीवर काढ, मैत्रिणीला भेट दे. कुणी अडवणार नाही. पण ‘ऑथेंटिक वारली’ हे लेबल लावून विकू नकोस. वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं आहे. ते नाव त्या समाजाच्या कलेशी बांधलेलं आहे.

कायद्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. तुझ्या पिशव्या-कोस्टरवर वारलीतला चौकोन असेल, तर तो म्हणजे लग्नातला चौक. त्यात पालघट देवी असते. लग्नघराच्या कुडाच्या भिंतीवर गेरू-मातीच्या लेपावर तांदळाच्या पिठाने तो सवाष्णी काढायच्या, बांबूची काडी टोकाला चावून कुंचला करायच्या. त्याशिवाय लग्न लागत नसे. तो चौक तू चहाच्या कपाखाली ठेवायला देतेस. आपल्या देवघरातलं चित्र कुणी पायपुसण्यावर छापलं तर आपल्याला काय वाटेल, याचा विचार कर.

मग काय करायचं? पनवेलहून पालघर, डहाणू, तलासरी काही लांब नाही. तिथे आज काम करणारे वारली कलाकार आहेत. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या एखाद्या कलाकाराकडून काम घेऊन, त्याचं नाव आणि गाव लिहून, त्याला आधी पैसे देऊन तू विकू शकतेस. तुझ्याकडे विकण्याची हातोटी आहे हे पत्रावरून दिसतंय. आणि स्वतः रंगवायचं असेल तर तुझ्या डोळ्यांसमोरचं रंगव. लोकलमधली गर्दी, खाडी, सिडकोच्या इमारतींवर वाळत घातलेले कपडे. ते अजून फार कुणी पिशव्यांवर आणलेलं नाही.

प्रश्न: एका कुटुंबाने पैसे देऊन माझ्याकडून त्यांच्या जुन्या वाड्याचं चित्र काढून घेतलं. आता तेच चित्र त्यांनी लग्नपत्रिकेवर आणि कॅलेंडरवर छापलंय, माझं नाव नाही. हक्क माझा ना? (नागपूर)

उत्तर तुम्हाला आवडणार नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे, कुणी मोबदला देऊन आपल्यासाठी चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर पहिला कॉपीराइट त्या काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे छापण्याचा हक्क बहुधा त्यांचाच. पण हे चित्र मी काढलंय असं म्हणण्याचा हक्क कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडे राहतो. त्यांना शांतपणे पत्र लिहा आणि पुढच्या छपाईत नाव घालायला सांगा. बहुतेक माणसं यात मुद्दाम काही करत नाहीत, त्यांना सुचलेलंच नसतं.

तुम्ही स्वतःच्या मनाने काढलेलं आणि नंतर विकलेलं चित्र असतं तर गोष्ट उलटी होती. तेव्हा गिऱ्हाइकाकडे जातं ते चित्र, छापण्याचा हक्क तुमच्याकडेच राहतो. म्हणून पुढच्या ऑर्डरच्या वेळी आगाऊ रक्कम घेण्याआधी चार ओळी लिहून सह्या घ्या: चित्र तुमचं, छापण्याचा हक्क माझा, छापायचं असल्यास विचारावं आणि नाव द्यावं. व्हॉट्सअॅपवर ‘मान्य’ असं उत्तर घेतलंत तरी काहीच नसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे बरं का. दुसऱ्याने काढलेला फोटो बघून तसंच्या तसं चित्र करून विकू नका. आधी त्याला विचारा. चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क चालू राहतो. रविवर्मा १९०६ साली गेले, त्यांच्या चित्रांवरून काम करायला हरकत नाही. आज हयात असलेल्या चित्रकाराचा गणपती मात्र त्याचाच आहे.

प्रश्न: जीएसटी लागतो का? (नाशिक)

महाराष्ट्रात राहून, राज्यातच वस्तू विकत असाल आणि वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. राज्याबाहेर किंवा ऑनलाइन विक्रीच्या साइटवरून विकायचं असेल तर नियम वेगळे आहेत. त्यासाठी एकदा सीएंना भेटाच. विक्रीचं उत्पन्न प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवायचं असतं. एक वही ठेवा: तारीख, चित्राचं नाव, प्रत क्रमांक, कुणाला, किती रुपये.

प्रश्न: बंगळुरूच्या एका मैत्रिणीला चित्र पोस्टाने पाठवलं, ते दुमडून पोचलं. फ्रेमसकट पाठवलं तर काच फुटते. कसं पाठवू? (मिरज)

फ्रेमसकट पाठवूच नका. वहीच्या पानाएवढं चित्र सपाट जाऊ द्या, गुंडाळू नका. आधी शाई पूर्ण वाळली आहे ना, ते बघा. चित्रावर बटर पेपर ठेवा आणि दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घाला. पावसाळ्यात हे पाकीट टेपने पूर्ण बंद करा. मग चित्रापेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठे असे पुठ्ठ्याचे दोन तुकडे घ्या. एकाच्या आतल्या नागमोडी थराच्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या येतील असे ते ठेवा, म्हणजे कुठल्याच दिशेने सहज वाकत नाहीत. चित्राचं पाकीट खालच्या पुठ्ठ्याला चारी कोपऱ्यांवर कागदी टेपने अडकवा. टेप पाकिटाला लागेल, चित्राला नाही. आत सरकणारं चित्र कोपऱ्यावर आपटतं आणि कोपरा मोडतो. दोन्ही पुठ्ठे कडेने चिकटवा आणि वर जाड कागद गुंडाळा.

अर्ध्या इम्पिरियलपेक्षा (साधारण १५ बाय २२ इंच) मोठं चित्र असेल तर नळी बरी, पण रुंद घ्या. अरुंद नळीत गुंडाळलेला कागद नंतर सरळ व्हायला फार त्रास देतो. पत्ता दोनदा लिहा, एक बाहेर आणि एक आत चिठ्ठीवर. ‘वाकवू नका’ हे मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहा. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावतीचा फोटो मैत्रिणीला पाठवून ठेवा. पोस्टखर्च चित्राच्या किमतीत धरू नका. तो वेगळा सांगा आणि चित्र पाठवण्याआधी घ्या.